बाबांचा फेब्रुवारी

डार्मश्टाटच्या बेकऱ्यांमध्ये काचेमागे क्रेपलचे ढीग लागले की समजावं, फेब्रुवारी आला. क्रेपल म्हणजे आत जॅम भरलेला, वर पिठीसाखर भुरभुरलेला तळलेला गोळा. उपासाचे दिवस सुरू व्हायच्या आधी इथली माणसं तो मनसोक्त खाऊन घेतात. बर्फावरून कुणी घसरू नये म्हणून फुटपाथवर टाकलेली बारीक खडी बुटांच्या खाचांत अडकून घरात येते आणि जमिनीवर करकरते. आभाळ पातेल्यावर झाकण ठेवावं तसं खाली येऊन बसतं. मला हा महिना मुळीच आवडत नाही. तरी दरवर्षी तो आला की मी काचेजवळ उभी राहते आणि मनातल्या मनात भलतीकडेच असते, कारण अशाच एका फेब्रुवारीत मी बाबांना घेऊन कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिका बेटावर बारा दिवस राहून आले.

ते साल २००४. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. बाबा दापोलीजवळच्या आमच्या घरात एकटे राहत होते. त्यांचं सगळं आयुष्य सरकारी रोपवाटिकेत गेलेलं. आंब्याची, काजूची, जायफळाची कलमं बांधणं हे त्यांचं काम आणि तोच त्यांचा छंद. मी एकुलती एक, आणि तोवर जर्मनीत येऊन मला नऊ वर्षं झाली होती. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मी धातूंची ताकद तपासते. बाबा गावात सांगायचे, ‘मिनू लोखंड ओढून तोडते आणि किती ओढल्यावर तुटलं ते लिहून ठेवते.’ वर्णनात चूक काही नाही.

डिसेंबरात मी त्यांना तीन महिन्यांच्या व्हिसावर इकडे आणलं. माझ्या मनात मात्र तीन महिने नव्हते, कायमचं होतं. एका वकीलबाईंना मी आधीच गाठून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, ‘कठीण आहे, पण एकटे वडील, दुसरं मूल नाही, अर्ज करून बघू.’ अर्ज भरून तयार होता. निळ्या फोल्डरमध्ये घालून तो मी स्वयंपाकघरातल्या फडताळावर उभा करून ठेवला होता. त्यावर फक्त बाबांची सही हवी होती, आणि ती व्हिसा संपायच्या आत हवी होती. मी रोज चहाच्या वेळी विषय काढायचे. बाबा रोज म्हणायचे, ‘बघू.’ आपल्याकडच्या वडिलांच्या ‘बघू’चा अर्थ काय असतो हे कुठल्याही मुलीला शिकवावं लागत नाही. मी तो कळला नसल्याचं सोंग घेत होते.

त्यात हिवाळा माझ्या मुळावर आलेला. चारलाच अंधार. बाबा खिडकीशी उभे राहून समोरच्या झाडांकडे बघत राहायचे. एकदा आम्ही हेर्नगार्टन बागेत फिरायला गेलो, तेव्हा त्यांनी एका बुंध्यावर हात ठेवला आणि विचारलं, ‘मिनू, हे मेलंय की झोपलंय?’ जन्मभर नुसत्या पानाच्या वासावरून झाड ओळखणारा माणूस त्या बागेतून एकाही झाडाचं नाव न घेता परत आला. घरी येऊन त्यांनी स्वेटर काढला नाही, तसेच खुर्चीत बसून राहिले. मला त्या दिवशी त्यांची भीती वाटली, म्हणजे त्यांच्यासाठी भीती वाटली.

मग फोल्क्सहोखशूलेच्या फलकावर मला ती जाहिरात दिसली. ही संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी वर्ग चालवणारी इथली शाळा. तिथे भाषा, शिवण, योगासनं सगळं शिकवतात आणि वर्षातून एकदोन सहलीही काढतात. डॉमिनिका, निसर्ग आणि इतिहास, सोबत माहितगार वाटाड्या. माझं गणित साधं होतं. बाबांना ऊन मिळेल, झाडं मिळतील, माणूस ताळ्यावर येईल आणि परत आल्यावर सही करील. श्रीरंगला, माझ्या नवऱ्याला, रजा नव्हती. तो एवढंच म्हणाला, ‘तू त्यांना फिरायला नेतेयस की पटवायला?’ मी दुसऱ्याच दिवशी दोन जागा नोंदवून आले.

जर्मन माणसं सहलीला नुसती जात नाहीत, सहलीचा अभ्यास करतात. निघण्याआधी दोन संध्याकाळ वर्ग झाले. ऊस, गुलामांचा व्यापार, ज्वालामुखी, पोपट, सगळ्याच्या स्लाइड्स. मग एकेकाने उठून नाव आणि येण्याचं कारण सांगायचं. बारा जणांत मी सोडून सगळे निवृत्त. कुणाला पक्षी बघायचे होते, कुणाच्या गुडघ्यांना ऊन हवं होतं. बाबांची पाळी आली तेव्हा ते उठून उभे राहिले, नमस्कार केला आणि मराठीत म्हणाले, ‘मुलगी घेऊन चालली आहे, म्हणून मी चाललोय.’ मी जर्मनमध्ये सांगितलं. शेजारच्या खुर्चीतल्या फ्राऊ साइबर्ट, म्हणजे साइबर्टबाई, खळखळून हसल्या. उंच, सत्तरीच्या, केस मुलांसारखे कापलेले. आयुष्यभर टपाल खात्यात नोकरी केलेली बाई. त्या मला म्हणाल्या, ‘आल्झो, तर मग हे सर्वांत प्रामाणिक कारण आहे.’

बेटावर उतरलो ते पंख्याच्या छोट्या विमानातून. दार उघडलं आणि ओल्या मातीचा, कुजलेल्या पानांचा, कुठेतरी चूल पेटलेली असावी तसा वास आत आला. बाबा शिडीच्या मधल्याच पायरीवर थांबले. मागे सगळी रांग खोळंबली. ‘बाबा, चला,’ म्हटलं तर म्हणाले, ‘थांब गं जरा.’ जर्मन मंडळी निमूट थांबली. मला वाटतं, ते बारा दिवस सुरू झाले ते त्या पायरीवर.

तो रस्ता मला आजही वळणावळणाने आठवतो. डोंगर, घाट, घाटाच्या तळाशी समुद्र, पुन्हा डोंगर. अंगणात केळी, पत्र्याची रंगीत घरं, दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि मध्येच येऊन पाच मिनिटांत निघून जाणारी सर. गुहागरच्या वाटेवर आहोत असं वाटावं आणि तेवढ्यात एखादं चर्च समोर यावं. बाबा खिडकीला नाक लावून नावं घेत होते. ‘चिंच. नीरफणस. अळू. अगं, हा तिरफळाचा भाऊ दिसतोय. शेवगा, शेवगा बघ!’ मी भाषांतर करणं सोडून दिलं. फ्राऊ साइबर्टनी वहीत लिहून घेण्यासाठी विचारलं, ‘काय म्हणतायत ते?’ मी म्हटलं, ‘ओळखीचे लोक भेटतायत त्यांना.’

आमचा वाटाड्या मार्सेल तिथलाच. दहा वर्षं जर्मनीत राहून, वनशास्त्र शिकून परत गेलेला. आमच्या गटाशी जर्मन बोलायचा आणि बाबांशी इंग्रजी. बाबांचं इंग्रजी सरकारी पत्रव्यवहारातलं, पण खणखणीत. दुसऱ्या दिवशी मार्सेलने आपल्या घरामागचं जायफळाचं झाड मोठ्या कौतुकाने दाखवलं. आठ वर्षं झाली, अजून फळ धरत नाही, पुढच्या वर्षी धरेल, म्हणाला. बाबांनी फांदी खाली ओढली, फुलांचा झुबका बघितला आणि गंभीरपणे सांगितलं, ‘दिस इज मेल, सर. ही विल नेव्हर गिव्ह.’ मार्सेलचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग बाबांनी त्याच्याकडून चाकू मागून घेतला, शेजारच्या मादी झाडाची बोटभर काडी कापली, नराच्या फांदीला खाच घेतली आणि पावाच्या पिशवीची पट्टी फाडून काडी घट्ट बांधली. महागडे बूट आणि हातात काठ्या घेतलेले दहा जर्मन कोंडाळं करून श्वास रोखून बघत होते. बाबांच्या पायात कॅनव्हासचे बूट, पँट दुमडलेली. आई गेल्यापासून त्यांचे हात नुसते मांडीवर पडून असायचे. त्या दिवशी ते हात पुन्हा कामाला लागलेले मी बघितले आणि मला रडू आलं. ऊन फार आहे म्हणून मी टोपी पुढे ओढली.

त्यानंतर सगळा गट बाबांच्या मागे. धबधब्याच्या वाटेवर, फळ्यांसारख्या रुंद मुळांच्या झाडांमधून होडीने जाताना, पोपटांची वाट बघत दुर्बिणी रोखलेल्या असताना कुणी ना कुणी विचारायचंच, ‘आणि हे तुमच्याकडे काय म्हणतात?’ मार्सेलच्या मावशीकडे जेवायला अळूच्या पानांचं सार होतं, नारळाचं दूध घातलेलं. बाबांनी दोन घास खाल्ले आणि चमचा खाली ठेवला. मग मला म्हणाले, ‘तुझी आई यात भुईमुगाचे दाणे घालायची.’ एवढंच. आईबद्दल ते दीड वर्षात पहिल्यांदा आपणहून बोलले होते.

मी खुशीत होते. माझं औषध लागू पडलं होतं. हे औषध मी भलत्याच रोगाला देतेय, हे मला दिसत नव्हतं.

सातव्या दिवशी आम्ही साखरेच्या एका जुन्या मळ्यावर गेलो. दगडी भिंती पडलेल्या, मोठं लोखंडी पाणचक्र गंजून जागीच थिजलेलं आणि त्याच्या आऱ्यांमधून झाडाची मुळं आरपार गेलेली. मार्सेल हळू आवाजात सांगत होता. जहाजं भरून माणसं कशी आणली, एका भाषेची माणसं एकत्र राहू नयेत म्हणून ती कशी वाटून टाकली, त्यांना स्वस्तात खायला घालायचं म्हणून दूरच्या समुद्रातल्या बेटांवरून नीरफणसाची रोपं कशी आणली. आंबाही आपल्याकडूनच कुणी गलबतातून आणलेला. ऐकता ऐकता माझ्या डोक्यात माझंच घोडं पुढे. मी बाबांच्या कानाशी म्हटलं, ‘बघा, इथलं म्हणून काहीच इथलं नाही. सगळं बाहेरून आलेलं. तरी रुजलं ना? आंबासुद्धा रुजला.’

बाबांनी त्या पाणचक्राकडे बघत शांतपणे विचारलं, ‘आंब्याला विचारलं होतं का कुणी?’

मला राग आला. मी जीव टाकतेय आणि हे असं बोलतात! मी दूर जाऊन दगडावर बसले. डबे उघडले गेले. फ्राऊ साइबर्ट बाबांशेजारी बसल्या होत्या. त्यांनी मला हाक मारून जवळ बोलावलं. त्या म्हणाल्या, ‘जरा विचारा ना त्यांना, ते आता तुमच्याकडे डार्मश्टाटलाच राहणार का?’ मी बाबांना विचारलं. बाबांनी हातातला पाव खाली ठेवला. माझ्याकडे मुळीच बघितलं नाही, फ्राऊ साइबर्टकडे तोंड करून मराठीत बोलायला लागले.

‘यांना सांग, मुलीकडे मला काही कमी नाही. जावई देवमाणूस आहे. पण मला माझ्या घरी जायचंय. त्या कागदावर मी सही करणार नाही. दोन महिने झाले, मुलीला हे सांगायचा मला धीर होत नाहीये.’

फ्राऊ साइबर्ट माझ्याकडे बघत होत्या. मी जर्मनमध्ये म्हटलं, ‘ते म्हणतात, अजून ठरलेलं नाही.’

‘गेनाऊ, अगदी बरोबर,’ फ्राऊ साइबर्टनी मान डोलावली, ‘एवढ्या मोठ्या गोष्टीला वेळ लागणारच.’

बाबांनी पाव पुन्हा हातात घेतला. मग म्हणाले, ‘मी एवढं बोललो. तू इतक्यात संपवलंस?’

आता कुणी म्हणेल, जुनं झाड उपटून दुसरीकडे लावलं तर जगत नाही, तसलं काही त्यांनी सांगितलं असेल. कलमं बांधणाऱ्या माणसाकडून लोकांची तशी अपेक्षा असते. त्यांनी तसलं काही सांगितलं नाही. त्यांना फक्त घरी जायचं होतं आणि ते त्यांनी सरळ सांगितलं होतं, मला सांगायचं ते परक्या बाईला सांगितलं होतं, कारण मध्ये मी होते. मधल्या माणसाने ते गिळून टाकलं. पुढचे दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. ‘पाणी घेतलंत?’ ‘घेतलं.’ ‘गोळी?’ ‘घेतली.’ चारचौघांत बाबांनी मला उघडं पाडलं नाही, हे त्यांचं मोठेपण. तेव्हा मला तेही टोचलं.

शेवटच्या दिवशी, सूर्य समुद्रात टेकला असताना, सगळे व्हरांड्यात गोलात बसलो. जर्मन सहलीचा हा शिरस्ता आहे. प्रत्येकाने सर्वांत काय आवडलं ते सांगायचं. पोपट, धबधबा, किल्ल्यावरून दिसलेला समुद्र असं एकेकाचं झालं. बाबांची पाळी आली तेव्हा मी भाषांतराला पुढे सरसावले. बाबांनी हातानेच मला थांबवलं. उभे राहिले आणि आपल्या त्या सरकारी इंग्रजीत मार्सेलकडे बघून म्हणाले, की मी मार्चमध्ये माझ्या घरी जाणार आहे. मुलगी दुःखी होईल. तिला तिथे नवऱ्याशिवाय जवळचं कुणी नाही. आपण सर्व तिच्या गावाजवळ राहता. तर कृपा करून तिच्याकडे अधूनमधून लक्ष ठेवावं, ही नम्र विनंती.

मार्सेलने शब्द न् शब्द जर्मनमध्ये सांगितला. एकही गाळला नाही. माझ्या मांडीवर फ्राऊ साइबर्टचा हाडकुळा हात आला आणि तिथेच राहिला. मी समुद्राकडे बघत बसले. ज्या माणसाला मी सांभाळायला निघाले होते, तो माझी सोय लावून मोकळा झाला होता.

डार्मश्टाटला परतलो तेव्हा खडी तशीच, आभाळ तसंच. दोन दिवस मी धुसफुसत काढले. तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा संत्रं सोलत बसले होते आणि मी भांडी आपटत होते. शेवटी मला राहवलं नाही. मी म्हटलं, ‘दोन-अडीच महिने रोज तुम्हाला राहा, राहा म्हणतेय. तुम्हाला काहीच वाटत नाही?’

बाबांनी संत्र्याची फोड नीट सोलून ताटलीत ठेवली आणि म्हणाले, ‘नऊ वर्षांत मी तुला एकदा तरी ये म्हटलं का?’

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला तो टोमणा वाटला. मी तुला मोकळं सोडलं, तू मला सोड, असं ते म्हणतायत असा मी अर्थ लावला आणि अर्ज फोल्डरमधून काढून जुन्या कागदांच्या पेटीत टाकला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ते दापोलीला परत गेले.

पुढे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फ्राऊ साइबर्ट स्वतः केलेला केक घेऊन येऊ लागल्या. तासभर बसायच्या, माझ्याकडे निरखून बघायच्या आणि ‘ठीक दिसतेस’ म्हणून जायच्या. त्यांचे गुडघे जिने चढायचं नाही म्हणेपर्यंत, म्हणजे चांगली पाच-सहा वर्षं, त्यांनी हा नेम सोडला नाही. त्या बाबांनी लावून दिलेल्या होत्या, म्हणून मी त्यांना कधी नको म्हटलं नाही.

आणि मी बाबांना रविवारी फोन करायचे. परदेशी फोनचं कार्ड खरवडायचं, लांबलचक नंबर दाबायचे आणि पलीकडून त्यांचा ‘हां, बोल’ ऐकायचा. ते बागेचं सांगायचे. कुठल्या कलमाला मोहोर आला, कोणत्या शेजाऱ्याकडे किती आंबे दिले. मध्येच म्हणायचे, ‘माडीवरची खोली रंगवून घेतली.’ मी म्हणायचे, ‘छान.’ पुढच्या वर्षी, ‘गिझर बसवून घेतला.’ ‘बरं केलंत.’ त्याच्या पुढच्या वर्षी खाली कमोड. मला वाटलं, वय झालं, सोयी लागतात. एकदा सांगितलं, ‘इंटरनेटचं कनेक्शन घेतलंय.’ मी हसले. ‘बाबा, घरात कॉम्प्युटर कुठाय?’ ते म्हणाले, ‘असू दे. लोक म्हणतात, हल्ली घरी बसून नोकरी करता येते.’ मी त्यावरही हसले आणि फोन ठेवला.

बाबा गेले तेव्हा मी माडीवरच्या त्या खोलीत तेरा दिवस राहिले. खिडकीशी टेबल, टेबलाला दिवा, भिंतीत कनेक्शनची पांढरी डबी, तिच्यात काही न जोडलेलं. खुर्चीवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. मी त्या खुर्चीत बसले, आणि संत्रं सोलताना ते काय म्हणाले होते ते मला तेव्हा कळलं. तो टोमणा नव्हता. ते सांगत होते, की ‘ये’ हा शब्द तोंडाशी येऊनही ते बोलले नाहीत, नऊ वर्षं. नंतरही नाही बोलले. खोली रंगवत राहिले.

मी गेले नसते. हे मला माहीत आहे. त्यांनाही माहीत असावं, म्हणूनच त्यांनी मला नाही म्हणायची वेळ येऊ दिली नाही. पण बाबा, एकदा म्हणायचं होतंत.